राखाडी ड्रेस, पांढरी कॉलर

प्रिय घुमे,

तुझं पार्सल पोचलं. फाटलं नाही, भिजलं नाही, कुणी उघडून बघितल्याचीही खूण नाही. कुरियरवाल्यानं सही घेतली आणि मी ते खोकं कपडेपटातल्या कापायच्या टेबलावर ठेवून आधी चारी बाजूंनी न्याहाळलं. तू म्हणशील, आई, त्यात काय साप आहे का? नाही गं बाई. पण इतक्या वर्षांत तू मला साबण पाठवलेस, चॉकलेटं पाठवलीस, एकदा ते गुडघ्याला चोळायचं हिरवं मलम पाठवलंस, कपडे मात्र कधी पाठवले नाहीस. नाटक कंपनीचा कपडेपट सांभाळणाऱ्या बाईला कपडे काय पाठवायचे, असं तूच म्हणायचीस. आणि आता एकदम खोकंभर! मनात पाल चुकचुकली, ती अजून गप्प बसायला तयार नाही.

फोन करायचा सोडून पत्र का लिहिते आहे, तेही सांगून टाकते. फोनवर तू मला ताकास तूर लागू देत नाहीस. मी काही विचारायला तोंड उघडलं की तुझ्याकडे दूध उतू जातं, दारावरची बेल वाजते, नाहीतर रेंज जाते. तीन माणसांच्या घरात इतकं दूध येतं तरी कुठून? लहानपणापासून तू अशीच. पोटात दुखलं तरी सांगायची नाहीस, नुसती एका पायावर उभी राहायचीस, मग मी ओळखायचं. म्हणून तर घुमी हे नाव पडलं. पत्राची काही रेंज जात नाही. तेव्हा आता गुमान बस आणि सरळ क्रमानं वाच. पुस्तकाचं शेवटचं पान आधी बघायची तुझी खोड आज आवर.

तर कपडे. आधी कौतुक करते, म्हणजे नंतर भांडता येईल. निवड उत्तम आहे. ती गडद निळी पँट मी मुठीत चुरगाळून सोडली तर एक सुरकुती राहिली नाही, विमानात इतके तास बसायला अशीच हवी. त्यावर पातळ शर्ट, त्यावर स्वेटर, त्यावर तो हलका कोट. गरम झालं की एकेक काढायचं, गार वाटलं की चढवायचं, हे तू फोनवर सांगितलंस ते मला पटलं. सगळ्याचे रंग असे की कुठलाही वरचा कपडा कुठल्याही खालच्या कपड्यावर जातो, म्हणजे लहानशा बॅगेत पुष्कळ दिवस निघतात. ही युक्ती मीच तुला दौऱ्याच्या ट्रंका भरताना शिकवली होती, तेव्हा त्याचं श्रेय मी घेणार. बुटांना टाच नाही, तळवा मऊ आहे. ते आतापासून घालून पायाशी जुळवून घे म्हणालीस, तेही बरोबर. पर्स खांद्यावरून आडवी घालायची, अंगावर काही खुळखुळणारं नको कारण तपासणीच्या दारात ते बोंबलतं, आणि गळ्यात एक स्कार्फ, कुठं खांदे झाकावे लागले तर उपयोगी पडतो. सगळं कबूल. परदेशात जाणाऱ्या बाईनं नीटनेटकं दिसावं, चार लोकांत वेगळं पडू नये, हे मला कळतं. मी काही रानातून आलेली नाही.

पण मग माझी पिवळी फुलांची पिशवी का आणू नको म्हणालीस? माझ्या काचेच्या मण्यांच्या माळा का नकोत? आणि मुख्य म्हणजे माझी नारिंगी शाल! ती राहू दे घरी, इकडे तसे रंग कुणी घालत नाही, असं तू जे म्हणालीस ना, ते म्हणताना तुझा आवाज जरा घसरला. मी नटांबरोबर आयुष्य काढलंय. पाठ केलेलं वाक्य आणि मनातलं वाक्य यातला फरक मला विंगेत पाठमोरी उभी असले तरी समजतो. ते वाक्य तू आधी म्हणून बघितलं होतंस.

पहिला संशय आला तो असा, की हिला आपली लाज वाटायला लागली. त्या दिवशी माझ्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की मी खोकं तसंच बंद करून परत पाठवायला निघाले होते. रंगपटवाल्या काकांनी अडवलं. तुला आठवतात ना ते, तोंडाला रंग लावता लावता सगळ्या कंपनीची गुपितं ऐकून घेणारे? आता त्यांचे हात थरथरतात, पण भुवई अजून एका फटक्यात काढतात. ते म्हणाले, वहिनी, पोरीला लाज वाटली असती तर ती टोपीच्या दिवशी वाटली असती. आणि मी खाली बसले. खरंच की. तू दुसरीत असशील. खेळ संपायला उशीर झाला म्हणून मी तशीच धावत शाळेच्या फाटकाशी आले, डोक्यावर नाटकातल्या सरदाराची मोरपिसाची टोपी. ती काढायचं मला भानच नव्हतं. पोरं फिदीफिदी हसायला लागली, दोन आया तोंडाला रुमाल लावून उभ्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तू आलीस, माझ्याकडे बघितलंस, टोपी माझ्या डोक्यावरून काढून स्वतःच्या डोक्यावर घातलीस आणि माझा हात धरून घरापर्यंत तशीच चालत आलीस. टोपी नाकापर्यंत खाली येत होती, तुला रस्ताही दिसत नव्हता. ती मुलगी आईच्या शालीला लाजेल? छे. तो संशय मी काढून टाकला. पण मग शाल का नको, हा प्रश्न राहिलाच, आणि तो जास्त टोचायला लागला.

दुसऱ्या दिवशी आमच्या थोरल्या नटीबाई पार्सल बघायला आल्या. त्या परदेशी जाऊन आल्यात हे त्यांनी एव्हाना पंख्याला आणि भिंतींनाही सांगून झालंय. उंच टाचांचे बूट घालून दगडी रस्त्यावर चालल्या आणि पाय मुरगळून सगळी सहल हॉटेलात काढली, हे मात्र त्या सांगत नाहीत, ते आम्हाला काकांकडून कळलं. त्यांनी एकेक कपडा चिमटीत धरून वर केला आणि विचारलं, मुलीनं कशाला बोलावलंय म्हणालीस? मी म्हटलं, फिरायला. आई, एकदा ये, तुला सगळं दाखवते, समुद्र दाखवते, बागा दाखवते, असंच म्हणाली. तर बाई म्हणाल्या, मग यात फिरायचा कपडा कुठला? एक तरी रंगीत, फोटोत उठून दिसेल असा? उन्हाची टोपी? संध्याकाळी जेवायला बाहेर नेणार असेल तर त्याचा एखादा झुळझुळीत ड्रेस? त्या बाई बोलायला फटकळ आहेत, पण कपड्यातलं त्यांना कळतं. प्रवासाचे कपडे होते ते फक्त जाण्यापुरते. बाकी होते ते दोन मऊ, खिशांचे स्वेटर, घरात घालायच्या सपाता, एक एप्रन, आणि तो राखाडी ड्रेस. समुद्रावर एप्रन बांधून कोण जातं गं?

म्हणजे दुसरा संशय. हिला मी फिरायला नको आहे, घरात राहायला हवी आहे. तिकिटाकडे बघितलं तर परतीची तारीख मोकळी. नंतर ठरवू म्हणालीस. मी म्हटलं, पाणी इथं मुरतंय! फुकटची आया हवी आहे बाईंना! खोटं कशाला सांगू, दोन दिवस मी फार चिडले होते. इथं नवं नाटक बसतंय, राजवाड्याचं, सगळ्यांना जरीकाठी झगे, आणि मी तिकडे तुझी भांडी घासत बसू? पण चिडताना आत कुठंतरी हेही वाटत होतं की एवढंच असतं तर तू सरळ म्हणाली असतीस. आई, ये, माझी ओढाताण होते. यात लपवण्यासारखं काय? तुला माहीत आहे, माझ्या नातीसाठी, खारूसाठी मी राजवाड्याला आग लावून आले असते.

तेवढ्यात काकांना वेगळंच सुचलं. ते हळूच म्हणाले, वहिनी, तिकडे तुमच्यासाठी कुणी बघितला तर नसेल? एखादा सभ्य, पेन्शनीतला? म्हणून हे साधे, सोज्वळ कपडे? मी टाचण्यांची उशी त्यांच्या दिशेनं फेकली. नेम चुकला, नाहीतर आज कंपनीला नवा रंगपटवाला शोधावा लागला असता. पण हसू नको. त्या संध्याकाळी मी आरशात एकदा बघून घेतलं, तुझ्यापासून काय लपवायचं.

आता मी काय केलं ते ऐक, आणि रागावू नको. तू गेलं वर्षभर पाठवलेले खारूचे सगळे फोटो मी काढून बसले. कपडेपटात एक काम फार जपून करावं लागतं. पहिल्या अंकात नटीनं डाव्या खांद्यावर पिन लावली असेल तर दुसऱ्या अंकात ती डाव्याच खांद्यावर लागते. इतकी वर्षं तेच बघून माझे डोळे तसेच झालेत. चेहऱ्याच्या आधी मला बटण दिसतं. खारूचे कपडे दोन तऱ्हेचे आहेत गं. एक तुझे. थोडे धुऊन मऊ झालेले, कोपराला ठिगळाऐवजी मासा नाहीतर चांदणी शिवलेली, केसांचा भांग डावीकडे. आणि दुसरे, करकरीत नवे, लेस लावलेले, एक माप मोठे, बाह्या बोटांवर येणारे, भांग मधोमध. ते तू घेतलेले नाहीत. तू पोरीला टोचणारी लेस घालायची नाहीस, तुला स्वतःला लहानपणी तिनं पुरळ यायचं. आणि ते कपडे फक्त सुट्टीच्या दिवसांच्या फोटोंत. मागे जो पडदा दिसतो तोही तुमच्या घरातला नाही. ते फोटो दुसऱ्या कुणीतरी काढून तुला पाठवले आणि तू मला पुढे ढकललेस. एका मुलीचे दोन कपडेपट झालेत आणि मला कुणी सांगितलंसुद्धा नाही.

जावई शेवटच्या फोटोत कधी होता, तेही बघितलं. पुष्कळ मागे जावं लागलं. मी विचारलं की कामावर गेलाय म्हणतेस, आणि मी मूर्खासारखी त्याला आशीर्वाद सांग म्हणते. गेल्या वेळी आलात तेव्हा त्यानं माझ्या सगळ्या ट्रंका माळ्यावर चढवून दिल्या, म्हणून मी येता-जाता त्याचं गुणगान करते. तुझी जीभ त्यामुळेही अडली असेल. तरी मी मनाची समजूत घालत होते. असेल काही लहानसहान. नवरा-बायको म्हटलं की धुसफूस चालायचीच. माझ्या डोक्यात सगळे तुकडे होते, पण शिवायला धीर होत नव्हता.

मग आला मंगळवार. खेळ नव्हता, कपडेपटात मी आणि काका दोघंच. मी म्हटलं, चला, तो राखाडी ड्रेस एकदा घालून तरी बघू. गुडघ्याखाली येणारा, लांब बाह्यांचा, गळ्याशी छोटी पांढरी कॉलर. माप इतकं बिनचूक की मला आठवलं, मागे तू व्हिडिओवर मला उगाच उभं केलं होतंस, आई, जरा वळ बघू, बारीक झालीस का. तेव्हाच माप घेत होतीस तर! माळा काढल्या, केस मागे घट्ट बांधले, ते सपाट बूट घातले आणि मोठ्या आरशासमोर उभी राहिले. काकांचा बोलका चेहरा एकदम उतरला. मग म्हणाले, वहिनी, खटला कुणावर आहे?

माझ्याही अंगावर काटा आला, कारण तोच ड्रेस मी स्वतः किती वेळा निवडलाय! प्रत्येक कोर्टाच्या नाटकात निवडलाय. साक्षीदार बाई आत येते, तिनं तोंड उघडायच्या आधी प्रेक्षकांना वाटलं पाहिजे की ही खोटं बोलणार नाही. मग तिला राखाडी द्यायचं, काळं नाही, काळ्यात दुःख फार दिसतं. पांढरी कॉलर, म्हणजे चेहऱ्यावर उजेड पडतो. गळ्यात काही नाही, पायात आवाज नाही. तू कपड्यांच्या पेटीवर बसून पाय हलवत मला हे सगळं करताना बघायचीस, आठवतंय? विसरली नाहीस म्हणायचं. आईला पात्र केलंस आणि आईलाच नाटक सांगितलं नाहीस.

आणि नेमका तेव्हाच व्हिडिओवर तुझा फोन आला. म्हणजे तुझा नाही, खारूनं लावलेला. आल्या आल्या ती नेहमी ओरडते, आजी, शाल कुठाय! दोन वर्षांपूर्वी तुम्ही आलात तेव्हा ती त्या शालीत गुंडाळून झोपली, तेव्हापासून तिच्या लेखी शाल म्हणजेच मी. या वेळी ती ओरडली नाही. माझ्याकडे बघत राहिली. मग तिनं अर्धा चेहरा उशीमागे घेतला आणि बारीक आवाजात विचारलं, तुम्हीपण आमचं कपाट बघायला आलात का? मला तिनं अहो-जाहो केलं गं. मी म्हटलं, अगं खारे, मी आजी. तिनं जरा निरखून बघितलं, आवाज ओळखला आणि मग सुटलीच. म्हणाली की एक बाई येतात, असेच कपडे घालून, त्या विचारतात तुला आईकडे आवडतं की बाबांकडे, रात्री कोण गोष्ट सांगतं, आई कामाला गेली की तू कुठे असतेस. वर म्हणाली, मी त्यांना तुझा पलंगपण दाखवला, आजी इथं झोपणार म्हणून. मग म्हणाली, त्या आल्या की मी टेबलाखाली जाते. एवढ्यात तुझा हात मध्ये आला, रेंज गेली. रेंज काही गेली नव्हती, घुमे. तू बटण दाबलंस, तुझं नख मला दिसलं.

मी तशीच स्टुलावर बसले. रडले, सांगते स्पष्ट. काकांनी चहा आणला, तो गार झाला. तुझ्या घराचे तुकडे झाले आणि तू ते एकटीनं उचलत होतीस, आणि मी इथं झग्यांना जरीकाठ लावत होते. राग आला तो तुझा नाही. म्हणजे तुझाही आला. तुला काय वाटलं, मला कळलं तर मी विमानातून उतरल्या उतरल्या जावयाच्या झिंज्या उपटीन? न्यायाधीशासमोर इस्त्री फेकीन? तेवढा माझा लौकिक आहे, मान्य आहे. की तुला वाटलं, आईला काही माहीत नसलं की ती सरळ, भाबडं बोलेल आणि ते खरं वाटेल? कोर्ट ठरवणार की खारूनं कुणाकडे राहायचं. तो म्हणत असेल, हिची नोकरी अशी, संध्याकाळी पोर कुणाच्या भरवशावर? आणि त्यावर तुझं उत्तर म्हणजे मी. एप्रन बांधलेली, खिशाच्या स्वेटरमधली, राखाडी ड्रेसमधली आजी. खारू हातची जाऊ नये म्हणून तू मला नखशिखान्त सजवलंस. यात चूक काही नाही. मी तुझ्या जागी असते तर हेच केलं असतं. फक्त मी आईला सांगितलं असतं.

आता हे पत्र कशासाठी, ते. मी येते आहे. राजवाडा काका आणि नटीबाई बघून घेतील. पण तुझ्या पोशाखात दोन चुका राहिल्यात आणि त्या सांगायचा माझा हक्क आहे. पहिली अशी, की ड्रेस फार नवा होता. कोरा कपडा अंगापासून लांब उभा राहतो, आणि समोर बसलेल्या माणसाला लगेच कळतं की हा आजच घातलाय. म्हणून मंगळवारपासून मी तो रोज घालते. त्यातच बाजारात जाते, त्यातच मशीनवर बसते, काल त्यात भांडीही घासली. कोपरं आता माझ्या कोपरांसारखी झालीत, खिशात दोऱ्याचं रीळ सापडतं. न्यायाधीशासमोर जाईन तेव्हा तो माझाच असेल, आणि मी जे सांगेन तेही माझंच असेल. कुणाबद्दल खोटं बोलणार नाही, जावयाबद्दलही नाही. तू कशी मुलगी आहेस असं विचारलं तर मी टोपीची गोष्ट सांगेन. दुसरी चूक मोठी आहे, आणि ती तुझ्या लक्षात कशी आली नाही याचंच मला नवल वाटतं. राखाडी कपड्यातली बाई बघून खारू टेबलाखाली जाते. कोर्टानं पाठवलेली ती पाहणीवाली बाई घरी येईल तेव्हा पोरीनं माझ्याकडे धावत यायला हवं, माझ्यापासून लपायला नको. म्हणून शाल येते आहे. विमानात निळी पँट, स्वेटर, कोट, सगळं तू सांगितलंस तसं, आणि वर नारिंगी शाल. चार लोकांत वेगळी पडले तर पडू दे, त्या गर्दीत मला एकाच माणसानं ओळखायला हवं. आणि या रविवारी फोन कर. खारू तिच्या बाबाकडे गेलेली असते आणि तू एकटी बसलेली असतेस, हे आता मला ठाऊक आहे. काही बोलली नाहीस तरी चालेल, फक्त दूध उतू गेलं म्हणून ठेवून देऊ नको.

पायात सपाट बूट घालून वाट बघणारी,
तुझीच संशयी
आई